आसनं किती, बसायला मिळतं किती?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात नव्या बसगाड्यांवर लेख होता. त्यात ‘बसची क्षमता आसनांवरून नाही, फेऱ्यांवरून मोजावी’ असं एक विधान होतं, आणि त्यावर सातारा-सांगलीकडून भरपूर पत्रं आली. काही चिडून लिहिलेली, तर काहींनी चक्क टेप लावून गाडीची मापं काढून पाठवली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. बंद झालेले थांबे आणि तिकिटावरून झालेले वाद यांची पत्रं बाजूला ठेवली. त्यांचा निकाल आगारातच लागायचा.

प्रश्न : आमच्या मार्गावर तीन-दोन बाकांची जुनी गाडी जाऊन दोन-दोन आसनांची नवी आली. गाडी मोठी दिसते, पण जागा कमी. रोज दहा-बारा जण उभे असतात. मग आराम वाढला तो कोणाचा?
— एक वाचक, कोरेगाव

बसलेल्यांचा वाढला, उभ्यांचा घटला. पण असं का केलं असावं, ते मापांवरून पाहू.

बसची बाहेरून रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर असू शकते, हा नियम आहे. दोन्हीकडच्या भिंती आणि खिडक्यांच्या चौकटी वजा केल्या की आत साधारण २.३५ मीटर उरतात. तीन-दोनची मांडणी म्हणजे पाच माणसं. प्रत्येकाला ४० सेंटीमीटर दिले तरी दोन मीटर तिथेच संपले. मधल्या वाटेला उरले ३५ सेंटीमीटर. थंडीचे कपडे घातलेल्या धडधाकट माणसाचे खांदे ४५ ते ५० सेंटीमीटर भरतात. त्यामुळे तिघांच्या बाकावरचा कडेचा माणूस कायम अर्धा वाटेत असतो आणि तिकीट काढत येणाऱ्या वाहकाची पिशवी त्याच्या खांद्याला घासत जाते. दोन-दोनच्या मांडणीत माणशी ४४ सेंटीमीटर दिले तरी वाट ५९ सेंटीमीटरची होते. आडवं न होता चालता येतं आणि थांब्यावर उतरणाऱ्याला वेळेत दारापर्यंत पोचता येतं.

दुसरं माप गुडघ्यांचं. पुढच्या आसनाच्या पाठीपासून आपल्या आसनाच्या पाठीपर्यंतचं अंतर, दोन्ही ठिकाणी मागच्याच बाजूने मोजलेलं, म्हणजे दोन ओळींमधलं अंतर. आसनांसाठी ७.७ मीटर लांबी मिळाली तर ७० सेंटीमीटरच्या ११ ओळी बसतात किंवा ७७ च्या १०. म्हणजे एक ओळ, चार आसनं सोडली की प्रत्येकाच्या गुडघ्यांना सात सेंटीमीटर मिळतात. कंबरेच्या मागच्या टोकापासून गुडघ्यापर्यंत सरासरी पुरुषाचं माप ५६ ते ६० सेंटीमीटर असतं. सत्तरमधून पाठीची जाडी आठ वजा करा: उरले ६२. बसता येतं, पण खड्ड्यात गुडघा पुढच्या पत्र्यावर आपटतोच.

तुमच्या मार्गाबद्दल आमचं मत सरळ आहे. सातारा-कोरेगाव हा वीसेक किलोमीटरचा, कॉलेज आणि कचेरीच्या वेळेला तुंबणारा मार्ग. इथे दोन-दोन मांडणी योग्यच, पण सकाळच्या त्या दोन तासांत एक जादा फेरी तिच्या जोडीला हवी. मांडणी बदलली आणि वेळापत्रक तसंच ठेवलं, तर तुम्ही लिहिलंय तेच होणार. मागणी करताना ‘जुनी गाडी द्या’ असं लिहू नका. किती वाजताच्या फेरीला किती जण उभे राहिले याची आठवडाभराची नोंद जोडून जादा फेरी मागा. तारीख-वेळेच्या तक्त्याला कागदोपत्री उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न : सांगली-मिरज मार्गावर तर माणूस वीस-पंचवीस मिनिटंच बसतो. इथे आसनं जास्त हवीत की उभं राहायची जागा?
— एक विद्यार्थी, विश्रामबाग

उभं राहायची जागा. आणि दोन दारं.

बसच्या बांधणीचं एआयएस-०५२ हे जे मानक आहे, त्यात शहरी, मुफस्सल (म्हणजे शहराबाहेर गावोगाव जाणारी), लांब पल्ल्याची आणि विशेष कामाची असे बसचे चार प्रकार केले आहेत, ते याच कारणाने. शहरी बसमध्ये ३२ ते ३६ आसनं, मध्ये मोकळी जागा, उभे खांब आणि धरायला कड्या. चौरस मीटरला चार उभे प्रवासी हे नियोजनात सुसह्य मानतात. सहा झाले की धक्काबुक्की सुरू होते.

आता फेऱ्यांचं गणित, कारण लेखातलं विधान त्यावरच उभं होतं. सांगली ते मिरज अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन, दोन्ही टोकांचा थांबा धरून ८० मिनिटं लागतात असं समजा. दिवसाचे सोळा तास म्हणजे ९६० मिनिटं, म्हणजे १२ फेऱ्या. एका बाजूच्या प्रवासात ५० जण चढले आणि ५० उतरले तर दारातून शंभर वेळा ये-जा झाली. उंच पायऱ्या, एकच दार, उतरणारे आणि चढणारे समोरासमोर, अशा गाडीत माणशी पाच सेकंद सहज जातात. रुंद दार, कमी पायऱ्या आणि चढण्या-उतरण्याची वेगळी वाट असेल तर तीन. माणशी दोन सेकंद वाचले की एका बाजूला २०० सेकंद आणि जाऊन-येऊन ४००, म्हणजे साडेसहा मिनिटांहून जास्त. ऐंशीचे त्र्याहत्तर झाले की त्याच ९६० मिनिटांत १३ फेऱ्या बसतात. एकही आसन न वाढवता दिवसाला शंभर माणसं जास्त गेली.

हेच गणित सातारा-कराडला लावू नका. तिथे गाडी महामार्गावर पाऊण-एक तास ताशी साठ-सत्तरने धावते, थांबे मोजके. दारातला वेळ एकूण प्रवासाच्या मानाने किरकोळ असतो, आणि त्या वेगात ब्रेक लागला की उभा माणूस फेकला जातो. अशा मार्गावर उभ्यांचं नियोजन करूच नये. उभे राहिले तर ती वेळापत्रकाची चूक समजावी.

उभे प्रवासी घ्यायचेच तर ते कुठे उभे राहतात यालाही महत्त्व आहे. समजा पुढच्या-मागच्या धुऱ्यांमध्ये सहा मीटर अंतर आहे आणि ११ जण, ७५० किलोच्या आसपास वजन, मागच्या चाकांच्याही दोन मीटर मागे दाटीने उभे आहेत. मागच्या धुऱ्यावरचा भार ७५० ने नाही, हजार किलोने वाढतो आणि पुढच्या धुऱ्यावरचा अडीचशे किलोने कमी होतो. म्हणजे स्टिअरिंग हलकं पडतं. वाहक ‘मध्ये सरका’ म्हणून ओरडतात त्यात हेही एक कारण आहे, जरी त्यांच्या मनात त्या वेळी पुढचा थांबा असला तरी.

प्रश्न : रोज कराड ते सातारा जाते. पाठदुखी सुरू झाली आहे. कोणती सीट घ्यावी? एअर सस्पेन्शनच्या गाडीत खरंच फरक पडतो का?
— एक शिक्षिका, कराड

पडतो. पण त्याहून जास्त फरक सीट बदलल्याने पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

मागचं चाक गतिरोधकावर दहा सेंटीमीटर उचललं गेलं, तेव्हा पुढचं चाक सपाट रस्त्यावर असतं. पुढच्या धुऱ्याला टेकून गाडी तरफेसारखी उचलली जाते. दोन धुऱ्यांत सहा मीटर अंतर असेल तर मागच्या चाकाच्या तीन मीटर मागे बसलेला माणूस दहा नाही, पंधरा सेंटीमीटर उचलला जातो आणि तेवढाच खाली आपटतो. मागचा भाग किती लांब बाहेर ठेवायचा याला नियमाने मर्यादा आहे, धुऱ्यांमधल्या अंतराच्या ६० टक्के. पण मर्यादेत असूनही शेवटच्या दोन ओळी बसायला वाईटच. धुऱ्यांच्या मधोमध बसलेल्याला त्याच धक्क्याचा अर्धाच वाटा येतो. अकरा ओळींच्या गाडीत तिसरी ते सहावी ओळ घ्यावी. पुढच्या चाकावरची घेऊ नये. तिथे फरशी उंचावलेली असते आणि पाय नीट टेकत नाहीत.

कंपनांबद्दल एक गोष्ट माहीत असावी. बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी थरथर सगळ्यात जास्त जाणवते. पाट्यांची स्प्रिंग भरलेल्या गाडीचा भार धरून केलेली असते, म्हणून गाडी रिकामी असली की ती कडक वागते. सकाळी पहिल्या गाडीत चारच माणसं असताना हाडं खिळखिळी होतात आणि संध्याकाळी गच्च गाडीत कमी, हा अनुभव त्यामुळेच. एअर सस्पेन्शनमध्ये फुग्यांतली हवा भाराप्रमाणे कमी-जास्त होते, म्हणून रिकामी आणि भरलेली गाडी जवळपास सारखीच चालते.

फुगेही बिघडतात. गाडी उभी असताना एका बाजूला कललेली दिसली किंवा रात्रभर उभी राहून मागून बसली, तर फुगा किंवा उंची सांभाळणारा व्हॉल्व्ह गळतो आहे. पाट्यांच्या गाडीत तपासण्यासारखं म्हणजे शॉकॲब्सॉर्बर. गतिरोधक गेल्यावर गाडी एकदा खाली-वर होऊन थांबली पाहिजे. दोन-तीन वेळा डोलत राहिली तर तो मेलेला आहे आणि बहुतेक त्याच्या अंगावर तेलाचे ओघळ दिसतील. आगाराच्या तक्रारवहीत नुसतं ‘गाडी उडते’ लिहिण्याऐवजी गाडीचा क्रमांक आणि ‘मागचा डावा शॉकॲब्सॉर्बर तेल टाकतो’ असं लिहिलंत तर कार्यशाळेला थेट काम कळतं.

तुमच्यासाठी एवढंच: कंबरेच्या खोलगट भागात हातरुमालाएवढी, दोन-तीन इंच जाड टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि बॅग मांडीवर घेऊ नका. पंधरा दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. नव्या गाडीचीही पहिली पायरी तिला चढवत नाही. शहरात दिसतात तशा खालच्या फरशीच्या गाड्या इकडे का नाहीत?
— एक वाचक, तासगाव

आपल्याकडच्या बहुतेक मुफस्सल बसची फरशी इंजिन आणि लांबलचक चौकटीच्या वर असते, जमिनीपासून मीटरभर किंवा थोडी जास्तच. शहरी बससाठी ४०, ६५ आणि ९० सेंटीमीटर अशा तीन उंच्या रूढ आहेत. चाळीसची फरशी पुण्या-मुंबईत ठीक; जतच्या बाजूच्या आडवळणी रस्त्यावर आणि पावसाळ्यात पाणी भरलेल्या ओढ्यावर तिचं पोट घासेल. ग्रामीण मार्गासाठी नव्वद हाच व्यवहार्य आकडा आहे. एक पायरी तरी कमी होते.

अडचणीत भर टाकतात ती आपली बसस्थानकं. गाडी फलाटाला नाक लावून उभी राहते. त्यामुळे दार येतं दोन गाड्यांच्या मधल्या खोलगट जमिनीवर. फलाटाच्या उंचीचा काडीचा उपयोग होत नाही. शक्य असेल तर आईंना स्थानकात न चढवता पुढच्या थांब्यावर, रस्त्याकडेच्या उंच कडेशी गाडी लावायला सांगून चढवा. चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. दोन्ही हातांनी दोन दांडे धरायचे, पिशवी तुमच्याकडे. ७५ वर्षं पूर्ण झाली असतील तर एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट; ओळखपत्र मूळ ठेवा.

प्रश्न : शिरवळच्या कारखान्यात कामगारांच्या ने-आण समितीवर आहे. सातारा आणि वाईकडून पहिल्या पाळीला ४८ जण येतात. कंत्राटदार १२ मीटरची, पुशबॅक आसनांची, पडदे-टीव्हीवाली नवी गाडी देतो म्हणतो. घ्यावी का? घेताना काय पाहावं?
— समिती सदस्य, भुईंज

आधी टीव्ही आणि पडद्यांचे पैसे वजा करून भाव मागा. पहाटे साडेपाचला कोणी टीव्ही बघत नाही आणि पडदा आणीबाणीच्या खिडकीची कडी झाकतो.

पुशबॅकचं जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण इथे बहुतेक समित्या फसतात. साध्या उंच पाठीच्या आसनाची पाठ आठेक सेंटीमीटर जाड असते, पुशबॅकची तेरा-चौदा. ओळींमध्ये ७५ सेंटीमीटर असले तरी पुशबॅकमध्ये गुडघ्याला ६२ उरले, म्हणजे सत्तरच्या साध्या आसनाएवढेच. वर पुढच्याने आसन मागे टाकलं की आणखी दहा गेले. तासा-सव्वा तासाच्या प्रवासाला ७५ च्या अंतरावरचं, न कलणारं, डोकं टेकेल इतक्या उंच पाठीचं आसन जास्त आरामाचं. बिघडणारे भागही कमी: पुशबॅकची कडी आणि गॅस स्प्रिंग वर्षा-दीड वर्षात सैल होते आणि मग ते आसन आपोआप मागच्याच्या मांडीवर येतं.

आता एक मोठी की दोन लहान. दोन-दोनच्या दहा ओळी आणि मागे पाचचा बाक धरला तर १२ मीटरच्या गाडीत ४५ आसनं होतात. तुम्ही ४८. म्हणजे तिघं पहिल्याच दिवशी उभे. एक ओळ वाढवून ४९ करता येतील, पण त्यासाठी वर सांगितलेले गुडघ्याचे सेंटीमीटर द्यावे लागतील. दुसरा मुद्दा वेळेचा. एकच गाडी सातारा भरून, पाचवडला महामार्ग सोडून वाईत शिरून, सुरूरला परत बाहेर पडणार असेल तर साताऱ्याहून बसलेल्यांची वीस-पंचवीस मिनिटं रोज त्या वळशात जातात. साताऱ्यातल्या अरुंद रस्त्यांवर बारा मीटरची गाडी फिरवणं हाही एक त्रास. आमच्या मते नऊ मीटरच्या दोन गाड्या घ्याव्यात, एक साताऱ्याची, एक वाईची. डिझेल आणि चालक मिळून खर्च वाढेल, पण एक गाडी बंद पडली तर अख्खी पाळी अडत नाही.

गाडी पसंत करायला जाताना टेप, पाण्याची नळी आणि तासभर वेळ घेऊन जा. मधल्या एका ओळीत नाही, पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या अशा तिन्ही ठिकाणी ओळींमधलं अंतर मोजा. दाखवायची ओळ नेहमी ऐसपैस असते आणि चोरी मागच्या तीन ओळींत होते. सामानाच्या फळीखाली डोकं आपटतं का ते सगळ्यात उंच सदस्याला बसवून बघा. इंजिन चालू, एसी चालू, गाडी जागेवर, अशा स्थितीत शेवटच्या बाकावर पाच मिनिटं बसा. खिडकीची काच खडखडत असेल तर तिच्या खोबणीतली फेल्टची पट्टी झिजलेली किंवा घातलेलीच नाही. शंभर-दोनशे रुपयांचं काम, पण करारानंतर कोणी करत नाही.

टपावर दहा मिनिटं नळी सोडा. पाणी येतं ते टपावरच्या झडपेच्या कडेने आणि पुढच्या काचेच्या रबराच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून. हात फिरवून बघा. मग हवेचा दाब पूर्ण भरल्यावर इंजिन बंद करून ब्रेकच्या दाबाचा काटा पाहत राहा. दहा मिनिटांत डोळ्यांना दिसेल इतका उतरला तर कुठेतरी गळती आहे. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात; २४२३ असेल तर २०२३ सालचा चोविसावा आठवडा. नव्या गाडीला जुने टायर लावलेले असू शकतात, म्हणून सहाही बघा आणि स्टेपनीही.

कागदांत नोंदणीपुस्तकातली आसनसंख्या आणि प्रत्यक्ष मोजलेली आसनं जुळतात का हे पहिलं. एक जरी जास्त निघालं तर अपघातानंतर विमा कंपनीला वाद घालायला जागा मिळते. योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. वेगनियंत्रक ताशी ८० ला बांधलेला हवा.

संध्याकाळी साताऱ्याकडे परतताना खंबाटकीचा चढ लागतो. बीएस-६ गाडीत धूर स्वच्छ करण्यासाठी वापरलं जाणारं युरियाचं द्रावण संपत आलं की यंत्रणा स्वतःच इंजिनाची ताकद कमी करते. घाटात भरलेली गाडी रांगायला लागली तर मेकॅनिकला बोलावण्याआधी ती टाकी बघावी. करारातच ‘द्रावणाची टाकी पावच्या खाली जाऊ द्यायची नाही’ हे घालून टाका, सोबत बदली गाडी किती वेळात द्यायची हेही. तास लिहा, ‘लवकरात लवकर’ असं लिहू देऊ नका.

प्रश्न : एसीची नवी गाडी आहे, पण एप्रिलमध्ये आत घामाच्या धारा, आणि वरून पाणी ठिबकतं. गॅस कमी असेल का?
— एक वाचक, पलूस

गॅसवर सगळे संशय घेतात; बहुतेक वेळा दोष जाळीचा असतो. आतली हवा परत ओढून घेणाऱ्या जाळीवर धूळ आणि कपड्यांचे तंतू बसतात, हवेचा प्रवाह अर्ध्यावर येतो. टपावरच्या कंडेन्सरच्या पत्र्यांत रस्त्याची धूळ आणि गळीत हंगामातली काजळी भरते, मग उष्णता बाहेर पडत नाही. जाळी आठवड्याला धुवायची, कंडेन्सर महिन्याला कमी दाबाच्या पाण्याने. जास्त दाबाने मारलं तर पातळ पत्रे दुमडतात आणि काम आणखी बिघडतं. ठिबकणारं पाणी म्हणजे निचऱ्याची नळी तुंबली. तार घालून मोकळी होते.

माणूस नुसता बसला तरी शंभर-एकशे दहा वॅट उष्णता सोडतो. ४५ जण म्हणजे पाच किलोवॅट. बारा मीटरच्या गाडीचा एसी साधारण ३० किलोवॅटचा असतो, म्हणजे माणसांच्या गर्दीने तो हरत नाही. हरतो तो उन्हात तापलेल्या टपाने आणि दर दोन किलोमीटरला उघडणाऱ्या दाराने. थांबाथांबाच्या मार्गावर एसी गाडी घालणं आम्हाला पटत नाही. तिथे मोठ्या सरकत्या खिडक्या आणि टपावरच्या दोन झडपा पुरतात.

थंडावा मिळावा म्हणून काही चालक बाहेरची हवा आत घेणारी झडप कायम बंद ठेवतात. त्याने गाडी गार होते, पण कोंदट हवेने अर्ध्या तासात सगळे पेंगतात आणि ज्यांना गाडी लागते त्यांना हमखास लागते.

प्रश्न : वाई-पाचगणी पसरणी घाटात मुलीला दर वेळी उलटी होते. इलेक्ट्रिक बसमध्ये हा त्रास कमी होतो का? आणि चढावर बॅटरी टिकते का?
— एक वाचक, वाई

डिझेलचा वास आणि गिअरचे हिसके नसतात, म्हणून थोडा फरक पडतो. मूळ कारण मात्र वळणं. पाच सेकंदांत एकदा या बाजूने त्या बाजूला, अशा संथ झोक्याने सगळ्यात जास्त मळमळ होते, आणि घाटातली वळणं जवळपास त्याच तालात येतात. मऊ सस्पेन्शनची गाडी जास्त झुलते, म्हणून आलिशान गाडीत काहींना जास्तच लागते. मुलीला पुढच्या भागात, समोरची काच दिसेल असं बसवा. फोन बंद, पोट ना रिकामं ना भरलेलं, खिडकी चार बोटं उघडी.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. वाई ते पाचगणी चढण साडेपाचशे मीटरच्या आसपास. पंधरा टनांची गाडी तेवढी उचलायला २२-२३ युनिट लागतात. मोटर आणि घर्षणातला व्यय धरून चढाचेच पंचवीस-सव्वीस. उतरताना मोटर उलटी चालून वीज परत भरते, त्यातला बराच भाग वसूल होतो, आणि ब्रेकचे लायनर तापत नाहीत हा त्याहून मोठा फायदा. एक सावधगिरी: बॅटरी शंभर टक्के भरून गाडी पाचगणीहून उतरायला काढली तर परत आलेली वीज साठवायला जागाच नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. वरच्या टोकाला चार्जिंग ऐंशी-पंच्याऐंशीवर थांबवायचं. वळणं पाहता या घाटाला नऊ मीटरचीच गाडी बरी.

प्रश्न : मासिक पास परवडतो का? महिलांना एसी गाडीतही अर्धं तिकीट असतं का?
— दोन वाचक, मिरज आणि विटा

असतं. मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत महिलांना ५० टक्के सवलत आहे. फक्त विजयपूर, बेळगावकडे जाणाऱ्या गाडीत ती राज्याच्या हद्दीपर्यंतच.

मासिक पासात २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास, त्रैमासिकात ५० दिवसांचं भरून ९० दिवस. एका बाजूचं तिकीट ५० रुपये धरा: मासिक २,००० आणि त्रैमासिक ५,००० रुपये. महिन्याला २२ दिवस जाणाऱ्या पुरुषाचे सुटे २,२०० होतात, म्हणजे मासिकात दोनशेच वाचले. खरा फायदा त्रैमासिकात. महिलेचे अर्ध्या तिकिटाने २२ दिवसांचे ११०० च होतात. पास त्याहून स्वस्त पडत असेल तरच काढावा.

प्रश्न : नव्या गाडीत आणीबाणीच्या खिडकीवर लाल अक्षरं असतात, पण ती उघडायची कशी हे कोणी सांगत नाही.
— एक विद्यार्थिनी, इस्लामपूर

दोन तऱ्हा असतात. कडी असलेली चौकट: लाल कडी ओढायची किंवा फिरवायची आणि चौकट बाहेर ढकलायची. दुसरी, नुसती काच आणि शेजारी लाल हातोडी. हातोडी काचेच्या मधोमध मारू नका, तिथे काच लवचीक असते. कोपऱ्यापासून चार-पाच सेंटीमीटर आत टोकाने जोरात मारली की पूर्ण काच बारीक तुकड्यांत फुटते. चौकटीत अडकलेले तुकडे हाताने काढत बसू नये, बॅगेने बाहेर ढकलावेत आणि तीच बॅग खालच्या कडेवर टाकून तिच्यावरून उतरावं, पाय आधी बाहेर सोडून.